किरण आला की आली?

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भांडगावात लग्नपत्रिका हाती पडली आणि तीत ‘किरण’ दिसलं, की आधी नावामागची अक्षरं वाचावीत. ‘चि.’ असेल तर नवरदेव, ‘चि. सौ. कां.’ असेल तर नवरी.

वेल्समधलं मॉर्गन हे नावही असंच मुलगा-मुलगी दोघांचं.

किरणचं मूळ ‘कॄ’ धातूत आहे: विखुरणे, उधळणे. विकिरण, प्रकीर्ण, संकीर्ण ही त्याचीच भावंडं. ऋग्वेदात किरण म्हणजे बारीक धूळ. प्रकाशाची रेषा हा अर्थ नंतर रुळला. धुळीपासून उजेडापर्यंतचा हा प्रवास फार देखणा आहे!

‘सात सक्कं त्रेचाळीस’ (1974) लिहिणारे किरण नगरकर, 1972मध्ये पोलीस सेवेत आलेल्या किरण बेदी. नाव तेच, बदलतं ते क्रियापद.