टेहाचापीचा घाट : मालगाड्या बघायला जाण्याआधी

मालगाडीला वेळापत्रक नसतं. निदान बघणाऱ्याच्या हाती लागेल असं तरी नसतं. त्यामुळे डोंगरातल्या मालगाड्या बघायला जायचं तर गाडीची वेळ गाठण्याचा विचार सोडून द्यायचा आणि अख्खा दिवस हाताशी ठेवायचा. कधी तासाभरात तीन गाड्या जातात, कधी दोन तास फक्त वारा. मागच्या भागात खंडाळ्याच्या घाटाबद्दल बोलताना कॅलिफोर्नियातल्या टेहाचापीचा उल्लेख आला होता, आणि बऱ्याच जणांनी विचारलं की तिथे जायचं कसं, बघायचं काय. जायचं कसं हे सोपं आहे. लॉस एंजेलिसहून मोटारीने साधारण दोन तास, मोहावीवरून किंवा बेकर्सफील्डवरून. बघायचं काय, त्यासाठी मात्र थोडा इतिहास लागतो.

बेकर्सफील्ड समुद्रसपाटीपासून जेमतेम 400 फुटांवर आहे आणि टेहाचापीची खिंड सुमारे 4,000 फुटांवर. सदर्न पॅसिफिक कंपनीला सॅन फ्रान्सिस्कोकडून लॉस एंजेलिसला रूळ न्यायचे होते आणि मध्ये हा डोंगर. खरी चढण कॅलिएंते या छोट्या गावापाशी सुरू होते. तिथून खिंड सरळ रेषेत सुमारे 16 मैल, पण तसे सरळ रूळ टाकले तर चढ इतका तीव्र होतो की इंजिन जागेवरच फिरत राहील. म्हणून रस्ता लांबवायचा. वळणं घेत, मागे फिरत, बोगद्यांतून तो 28 मैलांचा केला आणि चढ 2.2 टक्क्यांवर, म्हणजे 45 फुटांमागे एक फूट असा आणला. आपला बोरघाट याहून खडा आहे, 37 ला एक. तिथे इंजिनिअरांनी रिव्हर्सिंग स्टेशनची युक्ती केली होती: गाडी पुढे न्यायची, थांबवायची, आणि उलट दिशेने वर काढायची. 1863 पासून 1929 पर्यंत मुंबई-पुण्याचे प्रवासी असेच खंडाळ्याला चढत होते.

टेहाचापीत विल्यम हूड या इंजिनिअरने वेगळा तोडगा काढला. एका टेकडीभोवती रुळांचा पूर्ण वेढा घातला. गाडी खालच्या बोगद्यात शिरते, टेकडीला वळसा घालते आणि त्याच बोगद्याच्या डोक्यावरून, 77 फूट उंचावरून, पुढे जाते. वेढा सुमारे पाऊण मैलाचा. गाडी 4,000 फुटांहून लांब असली की तिचं इंजिन तिच्याच शेपटावरून जातं. आजच्या कंटेनरच्या गाड्या मैल-दीड मैलाच्या सहज असतात, म्हणजे हा खेळ जवळपास प्रत्येक गाडी करून दाखवते. आधी आवाज येतो, मग बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि मग एकदम तिन्ही बाजूंना तीच गाडी असते.

हूडने कागदावर रेषा काढली, पण डोंगर फोडला तो चिनी मजुरांनी. 1874 ते 1876 या काळात सुमारे 3,000 माणसं या कामावर होती, त्यांतली बहुसंख्य दक्षिण चीनमधून आलेली. हत्यारं कोणती? कुदळी, फावडी, घोड्यांच्या गाड्या आणि सुरुंगाची काळी दारू. एवढ्यावर 18 बोगदे झाले. 5 सप्टेंबर 1876 ला लँग इथे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे रूळ जोडले गेले आणि चार्ल्स क्रॉकरने सोन्याचा खिळा ठोकला. सहाच वर्षांनी, 1882 मध्ये, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी केली. लूपसमोरच्या रस्त्यावर सरकारी स्मारकाची पाटी आहे, ती जरूर वाचा. हूडचं नाव आहे, 77 फूट आहेत, 4,000 फूट आहेत. डोंगर फोडणारे मात्र नाहीत. (बोरघाटातही मजुरांचा आकडा एका वेळी 40,000 च्या वर गेला होता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, कंत्राट पुढे चालवलं, हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. घमेली वाहणाऱ्यांपैकी किती जणांची नावं ठाऊक आहेत?)

बघताना बहुतेकांचं लक्ष चढणाऱ्या गाडीकडे असतं. माझ्या मते उतरणारी गाडी जास्त लक्ष देऊन बघावी. चढताना इंजिन दमलं तर गाडी थांबते, एवढंच. उतरताना ब्रेक दमले तर काय होतं, हे या घाटाने 20 जानेवारी 1883 च्या रात्री बघितलं. प्रवासी गाडी खिंडीत थांबली होती, चढासाठी लावलेलं जादा इंजिन सोडवत होते, आणि इंजिनाविना उभे असलेले डबे उतारावर मागे घरंगळत निघाले. पुढे ते उलटले, पेटले. डझनाहून अधिक लोक गेले. त्यांत कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर जॉन डाउनी यांच्या पत्नीही होत्या. आज गाडीच्या मध्ये आणि शेवटी रेडिओवर चालणारी इंजिनं असतात, तीच उतारावर गाडी रोखूनही धरतात. आपल्याकडे कर्जतला मागून बँकर लागतात, तसाच प्रकार, फक्त माणसाविना.

तरीही वजन हे वजनच. वेढ्याच्या मधल्या टेकडीवर एक पांढरा क्रूस दिसेल. तो 12 मे 1989 ला सॅन बर्नार्डिनोत मेलेल्या दोन रेल्वे कर्मचाऱ्यांचा. मोहावीहून निघालेल्या त्या मालगाडीत ट्रोना हे खनिज भरलं होतं. वाघिणींतलं वजन कागदावर खऱ्यापेक्षा बरंच कमी धरलं गेलं, त्या हिशोबाने कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक पुरले नाहीत, आणि गाडी रुळांखालच्या वस्तीत घुसली.

21 जुलै 1952 च्या पहाटेच्या भूकंपाने तर घाटच मोडला. एका बोगद्यात रूळ वाकून भिंतीखाली सरकले होते. त्याचा फोटो सहज मिळतो, जाण्याआधी बघून घ्या. 25 दिवसांत वाहतूक पुन्हा सुरू झाली. काही बोगदे दुरुस्त करण्याऐवजी वरचा डोंगरच काढून टाकला.

आता थोडं कामाचं. 1971 पासून या मार्गावर नेहमीची प्रवासी गाडी नाही. आगगाडीने येणाऱ्या माणसाला बेकर्सफील्डला उतरून बस धरावी लागते; डोंगर रुळांवरून ओलांडायचा मान फक्त मालाला. म्हणून मोटार हवीच. लूप दिसतो तो वुडफोर्ड-टेहाचापी रस्त्यावरून. आजूबाजूची जमीन खाजगी आहे आणि रूळ कंपनीचे, तेव्हा कुंपण ओलांडू नका. वसंतात टेकड्या हिरव्या असतात, जूननंतर सगळं पिवळं. टोपी बांधून ठेवा. इथे पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. पाणी आणि डबा बरोबर न्या. वाटेत कीन गावात सेझार चावेझ यांचं राष्ट्रीय स्मारक आहे, शेतमजुरांच्या संघटनेचं जुनं मुख्यालय. खोऱ्यातली द्राक्षं आणि भाज्या ज्यांनी तोडल्या त्यांची गोष्ट तिथे मिळते, म्हणून त्याला तासभर द्या.

आणि एक. वेढ्याजवळच्या साइडिंगवर 'वॉलाँग' अशी पाटी आहे. वाचणाऱ्याला वाटतं, चला, निदान हे नाव तरी चिनी मजुरांचं राहिलं. ते डब्ल्यू. ए. लाँग नावाच्या रेल्वे अधिकाऱ्याचं आहे, आद्याक्षरं जोडून केलेलं.