डेम्लो संख्या आणि देवळालीचे गुरुजी

श्रोतेहो, गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस मुंबईच्या वाटेवर देवळालीवरून आणि पुढे डोंबिवलीवरून जाते. आज एका मोठ्या संख्येची हकीकत सांगतो. तिचे नाव आणि तिचा नाद लागलेले गुरुजी, दोन्ही याच लोहमार्गावरचे.

ती संख्या पाटीवर लिहून घ्या: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, नवापर्यंत चढतात आणि तसेच उतरतात. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणले की हे उत्तर येते.

ही जादू नव्हे बरं का. गुणाकार मांडून पहा. एकच ओळ नऊ वेळा, दर खेपेस एक घर डावीकडे सरकवून लिहायची. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ पडतो, दुसऱ्यात दोन, मधल्या घरात नऊ, मग पुन्हा आठ, सात, सहा. कोठेही बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. आता १ दहा वेळा घ्या. मधल्या घरात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. पायऱ्या मोडल्या!

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. ज्या स्थानकावर ही कल्पना सुचली, त्या डेम्लोचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, नाव त्यांनी तिला दिले. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदवीपुढचे शिक्षण नाही, म्हणून त्यांच्या आकड्यांना पोरखेळ म्हणून हसणारे विद्वानही होते. गुरुजींनी नाद सोडला नाही.

अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले; हर्ष देणारी ती हर्षद. आपल्या सतरा अंकांची बेरीज करा: ८१. भागून पहा, बाकी शून्य! म्हणजे ही डेम्लो संख्या हर्षदही आहे.

१९४९ साली त्यांनी ६१७४ या अंकाचा गुण मांडला. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव जगभर गेले. १९८६ साली गुरुजी निवर्तले.

आमगाव-देवरीकडच्या गुरुजनहो, उद्या वर्गात हा गुणाकार जरूर मांडा. पण उत्तर दाखवून थांबू नका. "दहा एक घेतले तर काय होईल?" एवढे विचारा आणि मुलांना पाटीवर झगडू द्या. हातचा कोठे आला हे ज्याला स्वतः सापडेल, त्याला गणिताचे भय उरणार नाही. कापरेकर गुरुजींपाशी तरी दुसरे काय होते? एक पाटी, एक खडू आणि "असं का?" हा प्रश्न.