ट्रामने परगावी

ट्राम म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर भर बाजारातून खडखडत जाणारी गाडी येते. पण एका गावात बसायचं आणि शेतं, जंगल ओलांडून दुसऱ्याच गावात उतरायचं, तेही ट्रामने? अमेरिकेत अशा गाड्यांना 'इंटरअर्बन' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे त्यांचं हजारो मैलांचं जाळं होतं. मग मोटारी आल्या आणि पंचवीस-तीस वर्षांत त्यातलं बहुतेक सगळं मोडीत निघालं.

जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात मात्र अशी एक ट्राम अजून धावते. गोथा ते टाबार्झ, सुमारे २२ किलोमीटर, मीटरगेज. २०१४ च्या ऑक्टोबरात एक अख्खा शनिवार कॅमेरा घेऊन मी या मार्गावर घालवला. घरच्यांनी विचारलं, "ट्रामचे कसले फोटो काढायचे?" तर हे त्याचं उत्तर!

गोथा स्टेशनसमोरून ४ नंबरची ट्राम सुटते. आधी साधीसुधी शहरातली ट्राम, रस्त्याच्या मधोमध चालणारी. घरं संपली की तिचा नूरच पालटतो. खडी, स्लीपर, एकेरी रूळ आणि दोन्ही बाजूंना नांगरलेली शेतं. वाटेत वाल्टर्सहाउझेनची छोटी शाखा फुटते. मग श्नेप्फेनथाल. इथल्या १७८४ साली सुरू झालेल्या शाळेत गुट्समुथ्स नावाच्या मास्तरांनी मुलांना पद्धतशीर व्यायाम शिकवला आणि १७९३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आज शाळेत पीटीचा तास असतो, त्याचं एक मूळ इथे आहे. पुढे फ्रीडरिशरोडा, आणि मग जंगल. बीचची पिवळी पानं खिडकीला घासत होती. तासाभरात टाबार्झ.

ही गाडी जन्मली तीच उशिरा. पहिल्या महायुद्धाने काम अडलं आणि शेवटी १७ जुलै १९२९ ला ती सुरू झाली. म्हणजे अमेरिकेतल्या तिच्या बहिणी शेवटचे श्वास घेत होत्या तेव्हा! मग ही कशी टिकली?

दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग पूर्व जर्मनीत गेला. ज्यांना परवडत होतं त्यांनी बस आणि मोटारी आणल्या आणि ट्राम काढून टाकल्या. मुंबईने १९६४ मध्ये, पश्चिम बर्लिनने १९६७ मध्ये, हॅम्बुर्गने १९७८ मध्ये. पूर्व जर्मनीत तेल महाग आणि मोटारी दुर्मिळ, म्हणून ट्राम राहिली. गंमत म्हणजे गोथात ट्राम बनवणारा मोठा कारखाना होता. समाजवादी देशांच्या आपसातल्या वाटणीत ते काम चेकोस्लोव्हाकियाकडे गेलं आणि १९६७ नंतर गोथातलं ट्राम बनवणं थांबलं. मी बसलो ती गाडी प्रागच्या टाट्रा कारखान्याची होती, मध्ये सांधा असलेली. ट्राम बनवणाऱ्या गावात बाहेरची ट्राम!

एका थांब्यावर समोरच्या गाडीची वाट बघत आम्ही उभे होतो. एकेरी रुळावर दुसरा इलाज नसतो. मी खाली उतरून फोटो काढत होतो. परत चढलो तेव्हा शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "तुम्हाला आवडते ना ही? आम्ही ट्राबांटसाठी नंबर लावून दहा वर्षांवर थांबलो. तोवर हिच्यातूनच सगळी ओझी वाहिली."

बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पण नंतरचा प्रत्येक फोटो काढताना ते वाक्य मनात होतं. मला जे देखणं, जुनं, जपलेलं दिसत होतं, ते बराच काळ कुणी मुद्दाम जपलेलं नव्हतंच. दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून ते राहिलं. आपण जुन्या वाड्यांचे, एसटीच्या जुन्या लाल गाड्यांचे फोटो काढतो तेव्हा तरी वेगळं काय असतं?

तरीही एक गोष्ट खरी. १९९० नंतर इथल्या लोकांना मोटारी सहज मिळू लागल्या. तेव्हा ही ट्राम बंद करणं सोपं होतं. ती केली नाही. आधीची साठ वर्षं गरजेची असतील, पण त्यानंतरची वर्षं त्यांनी स्वतः निवडली. त्या दिवशी डब्यात पिशव्या घेतलेल्या बायका होत्या, शाळकरी पोरं होती, सायकलवाला एक जण होता. कॅमेरा फक्त माझ्याकडे होता. मला वाटतं, ट्रामची तब्येत ठीक असल्याची याहून चांगली खूण नाही.