सुगंधी दूध आणि ताक

शाळेतल्या खाऊचा इतिहास म्हटलं की सगळ्यांना खिचडी आठवते. मला लिहायचंय दुधाबद्दल. आपली बॅच १९९६ साली देवनारहून बाहेर पडली, त्यामुळे महापालिका शाळांतलं सुगंधी दूध आपल्या वाट्याला आलं नाही. ते सुरू झालं २००७ च्या सुमारास. मुलांना मळमळ, पोटदुखी झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि काही वर्षांत योजना गुंडाळली गेली. मग चिक्कीचा घाट घातला गेला. तेव्हाचा वाद दुधाच्या दर्जावर झाला, तो व्हायलाच हवा होता. पण ताजं, चांगलं दूधही काही मुलांना बाधतं, हा मुद्दा मागेच पडला.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज पुष्कळ जणांच्या शरीरात पाचेक वर्षांनंतर कमी होत जातं. मग न पचलेली साखर आतड्यात आंबते, पोट गुडगुडतं, फुगतं, जुलाब होतात. ही ॲलर्जी नव्हे. आणि पेला तोंडाला न लावणारं मूल नाटकं करतंय, असंही नव्हे!

ही माहिती नवी नाही. १९७० साली मुंबईच्याच डॉ. एच. जी. देसाई, डॉ. एफ. पी. अँटिया आणि सहकाऱ्यांनी भारतीयांमधल्या लॅक्टेजच्या कमतरतेवर निबंध छापला होता. १९८१ च्या एका पाहणीत दूध न पचणाऱ्यांचं प्रमाण दिल्लीत २७.४ टक्के, तर दक्षिणेत ६६.६ टक्के आढळलं. आपल्या वर्गात तर उत्तर प्रदेशापासून तमिळनाडूपर्यंतची मुलं एका बाकावर बसायची. त्यांना सरसकट एकच पेला कसा चालेल?

आपल्या आयांना हे निबंध माहीत नव्हते, तरी 'याला दूध सोसत नाही, ताक दे' हे ठाऊक होतं. विरजणातले जंतू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात, म्हणून दही-ताक बऱ्याच जणांना पचतं.

पर्याय ठेवणं सरकारला जमत नाही असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला अंडं दिलं, तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळं होतं. (पुढे अंड्यांचा निधीच थांबला, तो भाग वेगळा.) अमेरिकेत २००४ च्या कायद्याने पालकांच्या लेखी विनंतीवर शाळेला दुधाऐवजी दुसरं पोषक पेय देता येतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा.

तो वाढवून मागायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि आपल्यातल्या काहींची मुलं अजून शाळेत आहेत.