जुन्या पिकअपचा क्लच घसरतो तेव्हा...

सातारा/सांगली : मालाने भरलेली जुनी पिकअप वाई सोडून पसरणी घाट चढू लागते. सुरुवातीची काही वळणे ती नेहमीप्रमाणे पार करते. मग मात्र ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग मात्र वाढत नाही. थोड्याच वेळात केबिनमध्ये जळका वास पसरतो आणि मागच्या वाहनांचे हॉर्न सुरू होतात. वाई ते पाचगणी या सुमारे १२ किलोमीटरच्या रस्त्यावर वाहनाला ५०० मीटरहून अधिक उंची गाठावी लागते. अशा चढावर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचली नाही, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. तो चालकाच्या आणि मागून येणाऱ्यांच्या जिवाचाही होतो.

घसरते ते काय?

परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, जुन्या पिकअपची ही तक्रार बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची असते. आपल्याकडील चित्र वेगळे आहे. १९८८ साली आलेली टाटा मोबाईल, त्यानंतरच्या महिंद्राच्या बोलेरो पिकअप आणि २००५ साली बाजारात आलेली टाटा एस ही मालवाहतुकीची वाहने हाताने गिअर टाकण्याचीच आहेत. इसुझूच्या व्ही-क्रॉसचा ऑटोमॅटिक प्रकार २०१९ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. तीही प्रामुख्याने हौशी ग्राहकांसाठी. त्यामुळे एमएच १० (सांगली), एमएच ११ (सातारा) किंवा एमएच ५० (कराड) क्रमांकाची जुनी पिकअप 'ओढत नाही' अशी तक्रार आली, की पहिला संशय क्लचवर घ्यावा लागतो.

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर क्लचप्लेट दाबून धरण्याचे काम प्रेशर प्लेटमधील स्प्रिंग करते. या घर्षणातूनच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. प्लेटचे अस्तर झिजले, त्यावर तेल आले किंवा स्प्रिंगचा दाब कमी झाला, की फ्लायव्हील वेगाने फिरते आणि प्लेट मागे राहते. घसरण्यातून उष्णता निर्माण होते, उष्णतेने पकड आणखी कमी होते आणि प्लेट अधिकच घसरते. म्हणूनच हा दोष एकदा सुरू झाला की झपाट्याने वाढतो.

आधी निदान, मग खोलणे

गाडी ओढत नाही म्हणजे क्लचप्लेट गेली, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो नेहमी बरोबर असतोच असे नाही. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही. फेरेच वाढत नसतील, तर दोष बहुधा अन्यत्र असतो. डिझेल फिल्टर किंवा एअर फिल्टर तुंबणे, टर्बोची नळी फाटणे ही त्याची नेहमीची कारणे होत. प्रवासानंतर एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले आढळल्यास ब्रेक जाम झाला आहे का, हे पाहावे. गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल, तर ती गिअरबॉक्सची तक्रार होय. गिअर टाकताना करकर आवाज येत असेल, तर क्लच घसरत नसून पुरेसा सुटत नाही, असे समजावे.

चाचणी सोपी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम वेगात वरचा गिअर ठेवून ॲक्सिलरेटर दाबावा. वेगाआधीच इंजिनाचा आवाज झपकन चढला, तर क्लच घसरतो आहे. दुसरी चाचणी उभ्या गाडीवर करता येते. चाकांना पुढून-मागून अडण लावून, हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. चालूच राहिले तर पकड गेली आहे. या वेळी गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभे राहू नये. ही चाचणी पुन्हा पुन्हाही करू नये, कारण तिनेच प्लेट तापते.

सांगली-मिरजेच्या सपाटीवर हा दोष महिनोन्‌महिने दडून राहू शकतो. बेदाणे किंवा हळद घेऊन गाडी बाजार समितीपर्यंत सुखरूप जाते. तीच गाडी कराड-पाटणमार्गे चिपळूणला उतरून भरलेल्या मालासह कुंभार्ली घाट चढू लागली, की दोष उघडा पडतो. घाटमार्गाचे भाडे घेण्यापूर्वी वरील चाचणी करणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

प्लेट बदलूनही पुन्हा का जाते?

क्लचप्लेट कालांतराने झिजणारच. तथापि नवी प्लेट टाकूनही काही महिन्यांत तीच तक्रार उद्भवली, तर मूळ कारण शोधलेच गेले नव्हते, असे मानावे लागते. अशी कारणे मुख्यत्वे चार.

पहिले, पेडलचा मोकळा खेळ. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो. तो संपला, की पेडलवर पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. वेळीच लक्षात आल्यास केबलचे ॲडजस्टमेंट करून काम भागते आणि गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. खेळ किती असावा, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते.

दुसरे, हायड्रॉलिक क्लचचा मास्टर सिलिंडर. त्यातील द्रव परत येण्याचे छिद्र तुंबले, तर दाब अडकून राहतो आणि प्लेट पूर्ण पकडत नाही.

तिसरे, तेलगळती. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गळू लागले, तर तेल थेट प्लेटवर येते. सील न बदलता टाकलेली नवी प्लेटही तेलकट होणारच.

चौथे, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग. तो तापून निळा पडला असेल किंवा त्यावर बारीक भेगा असतील, तर नव्या अस्तराची पकड नीट बसत नाही. अशा वेळी कंपनीने दिलेल्या मर्यादेत तो मशीनवर घासून घ्यावा अथवा बदलावा.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी लागावी, यासाठी क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच एकत्र बदलणे हिताचे असते. कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे, काढलेले जुने भाग पाहावेत आणि नव्या भागांचे बिल घ्यावे. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये.

ऑटोमॅटिक असेल तर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही क्लच असतात. मात्र ते आत, तेलाच्या दाबावर चालतात. तेलाची पातळी कमी झाली, तेल जळून काळे पडले, फिल्टर तुंबला किंवा दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइड बिघडला, की गिअर घसरतो. म्हणून आधी गळती आणि तेल तपासावे, मग स्कॅनर लावून दोषाचे संकेत वाचावेत. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. आतील क्लच झिजलेले असतील, तर तेल बदलल्याने ते भरून येत नाहीत. असे वाहन ओढून नेताना चालणारी चाके जमिनीवर फिरू देऊ नयेत. ते क्रेनच्या सपाट गाडीवर चढवून नेणे सुरक्षित.

घाटात बंद पडल्यास

क्लच घसरू लागल्यावर 'वर पोहोचेपर्यंत चालेल' हा विचार सर्वांत महागात पडतो. शक्य तितक्या लवकर रुंद जागा पाहून गाडी डावीकडे घ्यावी आणि हँडब्रेक ओढावा. गाडी गिअरमध्ये ठेवावी, पण त्यावर विसंबू नये. घसरणारा क्लच उभ्या गाडीलाही धरून ठेवीलच याची खात्री नसते. चाकांना दगड लावावेत, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवावा आणि गाडीतील माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. गाडी निघताना लावलेले दगड आठवणीने बाजूला करावेत. रात्री येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी तोच दगड प्राणघातक ठरू शकतो.

प्लेट गार झाल्यावर काही वेळ पकड परत आल्यासारखी वाटते. तेवढ्यावर भरलेली गाडी पुढे काढू नये. माल दुसऱ्या वाहनात हलवून रिकामी गाडी गॅरेजपर्यंत नेणे वा ओढून नेणे योग्य.

सवय आणि वजन

क्लचचे आयुष्य चालकाच्या डाव्या पायावर अवलंबून असते. पेडलवर पाय टेकवून चालवणे, चढावर हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरणे आणि भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर उचलणे या तीन सवयी प्लेट लवकर खातात. ठरलेल्या मापापेक्षा मोठे टायर बसवल्यानेही क्लचवरील ताण वाढतो.

जादा मालाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मर्यादेपेक्षा अधिक भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंड चुकला, तरी जादा वजनाची किंमत क्लच, ब्रेक आणि टायर वसूल करतातच.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या भागात अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशा वाहनाच्या क्लचच्या घरात गाळ, गंजलेली प्लेट किंवा गिअर ऑइलमध्ये पाणी आढळू शकते. ऑइल दुधाळ दिसले, तर ती धोक्याची खूण समजावी. व्यवहारापूर्वी मालकाच्या संमतीने ऑइल पाहून घ्यावे आणि गाडी थोडा माल भरून, साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटासारख्या एखाद्या चढावर चालवून पाहावी. सपाट रस्त्यावर मारलेल्या फेरीने जुन्या क्लचची खरी परीक्षा होत नाही.