नळीतली दारू

मराठीत 'दारू' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तोफेत भरायची, दुसरी प्यायची. नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या इतिहासात दोन्हींनी माणसे मारली, पण वर्गात आपण पहिलीच शिकवतो.

१५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा शहजादा मुराद याने या किल्ल्याला वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. चांदबिबीने काही सुरुंग शोधून त्यातली दारू काढून घेतली; एक मात्र उडाला आणि तटाला खिंडार पडले. ती तलवार घेऊन तिथे उभी राहिली, रातोरात भिंत बांधून घेतली. १५९६ मध्ये वऱ्हाडावर समाधान मानून मुरादला तह करावा लागला. हे मुलांना पाठ असते. त्या मुरादचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. तो १५९९ मध्ये जालन्याजवळ वारला. वय २८. पिण्याने शरीर पोखरले होते, झटके येत होते.

त्याच्या जागी धाकटा भाऊ दानियाल आला. १६०० मध्ये चांदबिबीचा तिच्याच लोकांनी खून केला आणि किल्ला दानियालच्या हाती पडला. तोही पिणारा. नशा हराम आहे हे या घराण्याला ठाऊक नव्हते थोडेच! अकबराची फर्माने आली, सासरे खानखानान अब्दुर्रहीम यांनी पहारे बसवले. मग दानियाल नोकरांपुढे रडू लागला. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की मुर्शिद कुली नावाच्या बंदूकवाल्याने शहजाद्याच्या लाडक्या बंदुकीच्या नळीत कडक अर्क भरून आणला. नळीतला गंज आणि जुन्या दारूची काजळी त्यात उतरली. तो घेतला आणि शहजादा कोसळला. १६०५, बुऱ्हाणपूर, वय ३२. त्या बंदुकीचे नाव त्यानेच ठेवले होते. नावात 'जनाजा' हा शब्द होता.

गंजाचे निमित्त झाले, एवढेच मी म्हणेन. पहारा शत्रूला अडवतो. इथे आणून देणारा आपलाच खिदमतगार होता. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी पोराच्या खिशात निघते. देणारा बहुधा दोस्तच असतो. आणि घरचे काय करतात? बदनामी नको म्हणून झाकतात.

खुद्द जहांगीर तारुण्यात दिवसाला २० प्याले घेत असे. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमाम यांनी त्याला सरळ सांगितले, आणखी सहा महिने असेच चालले तर इलाज उरणार नाही. शहजाद्याला तोंडावर असे सांगायला हिंमत लागते, आणि तीच मुराद-दानियालच्या खिदमतगारांत नव्हती. जहांगीरने एकदम सोडली नाही. सात वर्षांत तो ६ प्याल्यांवर आला. दारू कमी होत गेली तसतशी अफूची मात्रा मात्र वाढत गेली.