मूल म्हणजे किती वर्षांचे? १८९१ च्या दोन कायद्यांची गोष्ट

१८९१ साली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने लागोपाठच्या क्रमांकांचे दोन कायदे केले. क्रमांक १० हा संमतिवयाचा कायदा. टिळक आणि सुधारक यांच्यातील वादामुळे तो आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. क्रमांक ११ ही कारखाने कायद्याची दुरुस्ती. ती सहसा कोणाच्या स्मरणात नसते.

पहिल्या कायद्याने ठरवले, की १२ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलीशी शरीरसंबंध हा बलात्कार होय. ती पत्नी असली तरीही. दुसऱ्याने ठरवले, की ९ ते १४ या वयाचे मूल कारखान्यात दिवसाला ७ तासांहून अधिक राबणार नाही. आता १३ वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. गिरणीच्या दारात ती कायद्याने ‘मूल’ होती. सासरच्या उंबरठ्याआत, त्याच सरकारच्या कायद्याने, ती मूल नव्हती.

हा विरोधाभास कोणाच्या नजरचुकीने घडला नव्हता. त्याची मुळे शोधायला थोडे मागे जावे लागेल.

जुन्या समाजव्यवस्थेत बालपण वर्षांनी मोजले जात नसे, ते प्रसंगांनी मोजले जाई. दुधाचे दात पडले, मुंज झाली, न्हाण आले, गर्भाधान झाले, की आयुष्याचा एकेक टप्पा ओलांडला. धर्मशास्त्रात ८ वर्षांची गौरी, ९ ची रोहिणी, १० ची कन्या अशी गणना होती खरी. पण पोथीतले वर्ष वेगळे आणि घरातली आठवण वेगळी. सर्वसामान्य कुटुंबात जन्मतारीख लिहून ठेवलेली नसे. मूल ‘मोठ्या दुष्काळाच्या आधीचे’ किंवा ‘थोरल्या जावेच्या लग्नानंतरचे’ असे. पत्रिका करण्याची ऐपत आणि रीत ज्यांच्या घरी होती, त्यांचीच तिथी निश्चित.

इंग्रजी कायद्याला मात्र आकडा हवा होता, आणि तो त्याने प्रत्येक कामापुरता वेगळा काढला. १८६० च्या दंडसंहितेने ७ वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडूच शकत नाही असे मानले. ७ ते १२ या वयात त्याची समज न्यायाधीशाने पाहावी असे म्हटले. त्याच संहितेत मुलीच्या संमतीचे वय १० होते. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय १८ ठरवले. पण विवाह, घटस्फोट आणि दत्तकविधान या बाबी त्यातून वगळल्या. म्हणजे १५ वर्षांचा मुलगा शेत विकू शकत नव्हता, लग्न मात्र करू शकत होता. मालमत्तेच्या बाबतीत सरकारला नेमकेपणा हवा होता. माणसाच्या देहाच्या बाबतीत त्याने हात आखडता घेतला, असे माझे मत आहे.

गिरण्यांकडे वळू. हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. त्याचा मुख्य विषयच मुले हा होता. ७ वर्षांखालील मुलाला कामावर घ्यायचे नाही. ७ ते १२ वयाच्या मुलाकडून दिवसाला ९ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही. महिन्याला ४ सुट्ट्या द्यायच्या. तोही लागू होता १०० किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच. ७ वर्षांचे मूल दिवसाला ९ तास, हे त्या काळी संरक्षण म्हणून मिळाले, यावरून आधीची स्थिती ओळखावी. कताई खात्यात भरलेल्या बॉबिनी काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या, हे या मुलांचे नेहमीचे काम. त्याला लहान बोटे आणि चपळ पाय लागत, आणि दोन्ही स्वस्तात मिळत.

या कायद्याचे स्वागत व्हायला हवे होते, असे आज वाटते. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी त्यासाठी आधीपासून खटपट केली होती. पण देशी वृत्तपत्रांचा मोठा भाग विरोधात उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांचे सूत आणि कापड मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना सलू लागले होते, आणि विलायतेतून येणाऱ्या या कळवळ्यात त्यांचा स्वार्थ मिसळलेला होता. हा संशय निराधार नव्हता. पण संशय खरा असला, म्हणून बॉबिनी बदलणारे मूल घरी जाऊन झोपत नव्हते.

या गदारोळात कामगारांच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणजे ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी भरवलेल्या सभांतून मागण्या पुढे आल्या: आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, पगार वेळेवर, आणि अपघात झालेल्याला भरपाई. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. या मागण्यांत मुलांसाठी वेगळे असे काही नाही, हे मला वाचताना खटकले होते. नंतर वाटले, की ज्या खोलीचे भाडे मुलाच्या मजुरीवाचून भागत नाही, त्या खोलीतला बाप मुलाचे तास कमी करा असे कोणत्या तोंडाने म्हणेल?

१८९१ च्या दुरुस्तीने किमान वय ९ केले, तास ७ केले, आठवड्याची सुट्टी दिली. कागद चांगला होता. प्रश्न उरला तो वय सिद्ध कसे करायचे हा.

जन्माचा दाखला नाही. आई सांगेल ते वय, की जॉबर सांगेल ते? दोघांनाही मूल मोठे ठरण्यातच लाभ होता. मग उत्तर डॉक्टरकडे गेले. वयाचा दाखला देणारा सरकारमान्य शल्यचिकित्सक मुलासमोर बसे, त्याची उंची आणि अंगकाठी पाही, आणि तोंड उघडायला लावून दात पाही. विलायतेतल्या कारखान्यांतही १८३० च्या दशकापासून दातांवरून वय ठरवण्याची कल्पना मांडली गेली होती. तीच इथे उतरली. बाजारात बैलाचे वय असेच पाहतात. कुपोषित मुलाचे दात उशिरा येतात आणि अंगही भरत नाही, तेव्हा हा अंदाज किती खरा असेल याचा विचार वाचकांनीच करावा. एकाच मुलाला एकाच दिवशी दोन गिरण्यांत कामाला लावण्यास १८८१ पासूनच मनाई होती, तरी तसे प्रकार पुढेही उघडकीस येत राहिले.

आता कायदा क्रमांक १०. त्यामागे कलकत्त्याचा १८९० चा एक खटला होता. फुलमणी दासी नावाची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मरण पावली. तिचे वय १० च्या पुढे होते, म्हणून कायद्याच्या लेखी तो बलात्कार झालाच नाही. नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली, ती हलगर्जीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल. सारे प्रकरण एका आकड्यावर येऊन थांबले होते. बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होतेच. त्यांच्या मागणीला आता धार आली.

महाराष्ट्रात यावरून काय झाले ते सर्वश्रुत आहे. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपली आपण करावी, ही टिळकांची भूमिका. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रग्रंथ उलगडूनच विधेयकाला पाठिंबा दिला. वादात आणखी एक भीती होती, तिची चर्चा कमी होते: मुलीचे वय सिद्ध करायला पोलीस घरात शिरतील, डॉक्टर तिला तपासतील. ही भीती पोकळ नव्हती. सरकारलाही ती जाणवली, आणि नवऱ्यावरच्या अशा आरोपाची दखल केवळ वरिष्ठ दंडाधिकाऱ्याने घ्यावी, अशी सोय झाली. परिणाम असा, की कायदा उरला आणि खटले विरळच राहिले.

पुढे आकडे सरकत गेले. १९२२ साली कारखान्यातले किमान वय १२ झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने, कलम २४ नुसार, १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात वा खाणीत कामावर ठेवण्यास बंदी केली. पत्नीच्या बाबतीत बलात्काराच्या व्याख्येतले वय मात्र १९४९ नंतर १५ वरच थांबले. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने १८ खालील प्रत्येकाला मूल म्हटले, तरीही दंडसंहितेतले ते १५ तसेच राहिले. म्हणजे १६ वर्षांची मुलगी एका कायद्यात मूल होती आणि दुसऱ्यात, लग्न झालेले असल्यास, नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ही तफावत दूर केली ती ११ ऑक्टोबर २०१७ रोजी.

आणि वय कसे सिद्ध करायचे? २०१५ च्या बालन्याय कायद्यात त्याचा क्रम दिलेला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिकेचा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यांपैकी काहीच हाती नसेल, तर वैद्यकीय तपासणी. आता त्यात हाडांची वाढही पाहतात.